मुदत संपलेल्या फिल्मचे काय करावे?



घरातल्या जुन्या ट्रंकेत किंवा बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटात तुम्हांला कृष्णधवल फिल्मचा रोल सापडला, तर खोक्यावर छापलेली मुदत आधी वाचा. फिल्म ‘इंदू’ छापाची असेल, तर मुदत उलटून गेली आहे हे न वाचताही सांगता येईल. कारण ती बनवणारा, १९६० साली स्थापन झालेला उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना आता बंद झाला आहे. अशा रोलबद्दल दोन सल्ले मिळतात. काही जण म्हणतात, ‘फेकून द्या.’ काही म्हणतात, ‘कॅमेऱ्यात घाला, जे येईल ती गंमत.’ माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. असा रोल म्हणजे प्रयोगाचे उत्तम साहित्य आहे. मात्र प्रयोग आणि गंमत यांतला फरक आपण ओळखला पाहिजे.

फिल्म जुनी होते म्हणजे नेमके काय होते? फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की चांदीचे मोजके अणू मोकळे होऊन एकत्र येतात. हीच सुप्त प्रतिमा. डेव्हलपर असा स्फटिक पूर्णपणे चांदीत बदलतो व तेथे काळा कण दिसू लागतो. बाकीचे स्फटिक हायपोत विरघळून जातात. पण स्फटिकात हा बदल घडवायला प्रकाशच हवा असे नाही. उष्णता, काही रासायनिक वायू, तसेच जमिनीतून व अंतराळातून सतत येणारे प्रारण हेही ते काम संथपणे करीत असतात. त्यामुळे जुनी फिल्म धुतली की तिच्यावर सर्वत्र करडी छटा येते. छायाचित्रकार तिला ‘फॉग’ म्हणतात. वेगवान फिल्मवर ती लवकर येते, मंद फिल्म जास्त वर्षे टिकते.

ही करडी छटा म्हणजे केवळ कटकट नव्हे. १८९६ साली आंरी बेकरेल यांनी युरेनियमच्या क्षाराजवळ, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली काच धुतली. सूर्यप्रकाश नसतानाही ती काळी पडली होती. किरणोत्सर्गाचा शोध असा लागला. १९४० च्या सुमारास देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच जागी फोटोच्या काचा कित्येक महिने ठेवल्या आणि त्यांवर उमटलेल्या विश्वकिरणांच्या रेषा मोजल्या. काळा डाग कशामुळे आला, हे विचारण्याची सवय त्यांना होती.

ती सवय तुम्हीही लावून घ्या. पूर्ण अंधारात रोलचे तीन तुकडे करा. पहिला तुकडा प्रकाश न दाखवता नुसता हायपोत टाका. दुसराही प्रकाश न दाखवता डेव्हलपरमध्ये धुऊन मग हायपोत टाका. या दोहोंतला फरक म्हणजे वयाने आणलेला फॉग. तिसऱ्यावर एकाच वस्तूचे चार फोटो घ्या: खोक्यावर लिहिलेल्या वेगाप्रमाणे, मग दुप्पट, चौपट आणि आठपट प्रकाश देऊन. दुसरा व तिसरा तुकडा एकाच डेव्हलपरमध्ये, सारखाच वेळ धुवा. चित्र फॉगच्या वर कोठे डोके काढते ते पाहा आणि वहीत नोंदवा. दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट करावा, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तो नियम नव्हे. पत्र्याच्या छपराखाली तापलेला रोल आणि फ्रिजमध्ये ठेवलेला रोल यांचे वय एकच असले, तरी अवस्था एक नसते. ठोकताळा पाठ करण्यापेक्षा तो तपासणे अधिक मोलाचे. रसायने हाताळताना हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि शिक्षकांना सोबत घ्या.

कोणी म्हणेल, मोबाईलवर क्षणात फोटो निघत असताना हा खटाटोप कशाला? फोटोसाठी नव्हेच. कोणत्याही मापनात खरी खूण कोणती आणि पार्श्वभूमीची गडबड कोणती, हे वेगळे करावेच लागते. येथे ते डोळ्यांनी दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे सारे कोऱ्या फिल्मसाठी आहे. सापडलेल्या रोलवर आधीच फोटो काढलेले असू शकतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची जीभ डबीच्या आत गेलेली असेल, तर तसे समजूनच चाला. असा रोल प्रयोगाचे साहित्य नाही. १८९७ साली स्वीडनचे आंद्रे दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. १९३० साली एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष व फिल्म सापडल्या. जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या काळजीपूर्वक धुतल्या आणि २४० पैकी ९३ चित्रे वाचली. तेहतीस वर्षांपूर्वी बर्फावर कोसळलेले बलून जगाने तेव्हा पाहिले. ही संधी एकदाच मिळते; डेव्हलपर ओतल्यावर परत फिरता येत नाही.

म्हणून रोल कोरा असेल तर बेधडक कापा, धुवा, बिघडवा आणि शिका. पण त्यात कोणाच्या आजीचे लग्न किंवा आजोबांचा शेवटचा फोटो असण्याची शंका असेल, तर तो थंड, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराच्या हाती द्या. कोठे हात घालावा आणि कोठे आवरावा, हे कळणे हाही विज्ञानाच्या शिक्षणाचाच भाग आहे.