बाहुली एक, हात शंभर

फिल्मफेअरच्या समारंभात विजेत्याच्या हाती जी काळी बाहुली ठेवतात, ती कोणी घडविली, असा प्रश्न फराळाला जमलेल्या मंडळींना सहज विचारून पाहावा. ती यंदा कोणाला मिळाली, हे घरातले शाळकरी पोरही सांगेल. घडविणाऱ्याचे नाव मात्र आजोबांनाही आठवणार नाही. ते नाव आहे ना. ग. पानसरे. मुंबईच्या ह्या मराठी शिल्पकाराने, 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली, ती घडविली. हात उंचावून नाचणारी ती युवती सत्तर वर्षांहून अधिक काळ इतरांच्या नावांचा जयघोष ऐकत उभी आहे. तिच्या जन्मदात्याचे नाव तिच्यासमोर कोणी उच्चारीत नाही. जेथे बाहुलीचीच ही कथा, तेथे गाण्यामागच्या माणसांची काय कथा असणार?

माझे भांडण विजेत्यांशी नाही. ज्यांनी आमची आयुष्ये सुरेल केली, त्यांच्या गळ्यात चार हार अधिक पडोत! माझे भांडण आहे ते त्या यादीशी. शंभर माणसांनी मिळून केलेल्या कामावर एकाचेच नाव घालायचे आणि उरलेल्यांना दिवे मालवण्यापूर्वीच घरी पाठवायचे, ह्या रीतीशी.

ही यादी काही आकाशातून पडलेली नाही. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात हे पुरस्कार प्रथम दिले गेले, तेव्हा ते अवघे पाच होते. संगीताचा एकच, आणि तो 'बैजू बावरा'साठी नौशाद यांना मिळाला. गायकाला जागा नव्हती, गीतकाराला नव्हती. ज्या चित्रपटाची कथाच मुळी गायकाची, त्याच्या संगीताचा गौरव झाला आणि ज्यांनी प्रत्यक्ष गायिले ते यादीबाहेर राहिले! त्या काळी हे कोणाला फारसे खटकलेही नाही. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी, १९४९ साली, 'महल'मधील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नाव छापलेले नव्हते. तेथे चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी'चे, नाव होते. गळा खऱ्या मुलीचा आणि नाव पडद्यावरच्या छायेचे, असा तो व्यवहार होता.

मग १९५७ साल उजाडले. 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार जाहीर झाला. समारंभात त्यातले गाणे गावे म्हणून जयकिशन लताबाईंकडे गेले आणि बाईंनी साफ नकार दिला. पुढे मुलाखतींतून त्यांनीच ही हकीकत सांगितली आहे. पुरस्कार संगीताला आहे, गायिकेला नाही. तर मग गायिकेवाचूनच ते संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घ्या, असे त्यांचे म्हणणे. भांडण रास्त होते, आणि ते फळालाही आले. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. 'मधुमती'तील गाण्यासाठी तो पहिल्यांदा मिळाला तो लताबाईंनाच. त्याच वर्षी गीतकाराचीही सोय झाली आणि शैलेंद्र यांना मान मिळाला. तरीही गायक आणि गायिका यांना एकाच पाटावर दाटीवाटीने बसविले होते. त्यांचे पाट वेगळे मांडले गेले ते १९६८ साली. तेव्हा महेंद्र कपूर आणि आशा भोसले असे दोघे विजेते झाले.

म्हणजे ही यादी कोणीतरी भांडल्यावर वाढते. प्रश्न असा, की जे भांडले नाहीत, किंवा ज्यांच्या भांडणाला कोणी किंमत दिली नसती, त्यांचे काय?

लताबाईंच्या त्या उत्तरातील एक शब्द मला विसरता येत नाही: वाद्यवृंद! त्या वाद्यवृंदात कोण बसत असत? शंकर-जयकिशन यांना हा पुरस्कार एकूण नऊ वेळा मिळाला. त्यांचे संयोजक होते गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा. तालाची बाजू सांभाळीत दत्ताराम वाडकर. ज्यांच्या ठेक्याला रसिक आजही 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखतात. नऊ बाहुल्या आल्या; त्यांतली एकही ह्या दोघांच्या फळीवर बसली नाही, कारण यादीत त्यांच्या कामाचे नावच नव्हते.

संयोजक म्हणजे नेमके काय करतो, असे कोणी विचारील. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती चाल सोन्याची असते, हे मान्यच आहे. पण गाणे सुरू होण्यापूर्वी जे व्हायोलिनचे ताफे दाटून येतात, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत जी बासरी किंवा ॲकॉर्डियन बोलते, गायिकेच्या सुरामागून जी दुसरी सुरावट सावलीसारखी चालते, ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकापुढे त्याचा-त्याचा कागद ठेवणारा माणूस म्हणजे संयोजक. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. ती पोरे मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटसंगीताला लिहिता-वाचता येऊ लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायक अंड्यातून बाहेर येतो आणि गाण्यात जे नाव सांगतो, ते ह्या गुरूचेच. त्या चित्रपटासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना पुरस्कार मिळाला. शिष्याने गुरूचे नाव असे घरोघर पोहोचविले. यादीला मात्र त्या नावाच्या धंद्यासाठी एक ओळ सापडली नाही.

यावर सांगणारे सांगतील, की चाल हाच आत्मा, बाकी सारे अलंकार. ठीक आहे. मग तुमच्या आवडत्या जुन्या गाण्याचे सुरुवातीचे वाद्यसंगीत काढून टाका आणि नुसती चाल गुणगुणा. पाहा, घरात कोणी मान वर करतो का! सुरुवातीच्या चार सुरांवरून आपण गाणे ओळखतो, आणि ते चार सूर बहुधा गळ्यातले नसतात.

दुसरे म्हणतील, वादकांना त्यांचा मेहनताना मिळाला, आणखी काय हवे? मेहनताना तर गायकालाही मिळत होता, नटालाही मिळत होता. पैसे घेणाऱ्याला मान नको असे ठरले, तर समारंभात टाळ्या वाजवायला तेवढी माणसे उरतील, घ्यायला कोणीच नाही.

तिसरे म्हणतील, अशाने यादीला अंत राहील का? हाच प्रश्न १९५४ साली गायकांबद्दलही विचारता आला असता. अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांनी १९५९ सालच्या पहिल्याच समारंभात वाद्यसंयोजनाला स्वतंत्र पुरस्कार दिला. तो हेन्री मॅन्सिनी यांना मिळाला. त्यामुळे आभाळ कोसळले नाही. आपल्याकडेही ह्या शतकात सुरू झालेल्या मिरची संगीत पुरस्कारांनी संयोजकाला जागा केली. तेव्हा अडचण मोजणीची नाही, इच्छेची आहे.

आणि इच्छा असली म्हणजे एकटा माणूसही काय करू शकतो, तेही ह्याच समारंभाने पाहिले आहे. गुलाम महंमद हे वर्षानुवर्षे नौशाद यांचे साहाय्यक. 'पाकीजा'चे संगीत हे त्यांच्या आयुष्याचे संचित. ते १९६८ साली वारले आणि चित्रपट लागला १९७२ साली. पुढल्या वर्षी संगीताचा पुरस्कार 'बेईमान'ला गेला. त्याच 'बेईमान'साठी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार प्राण यांना जाहीर झाला होता. त्यांनी तो नाकारला. संगीताचा मान गुलाम महंमद यांचा होता, एवढेच त्यांचे म्हणणे. पडद्यावर जन्मभर खलनायक रंगविलेला माणूस त्या रात्री सभागृहातील साऱ्या सज्जनांहून उंच ठरला!

दिवाळीत चकली खुसखुशीत झाली की वाहवा मिळते ती तळणारीला. भाजणी कोणी भाजली, हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही. पण घरात ते निदान ठाऊक तरी असते. चित्रपटसंगीताच्या घरात तेही राहिले नाही. मुंबईच्या ह्या वादकांची कैफियत नीट ऐकून घेऊन २००८ साली त्यांवर जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिले, ते न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकविणाऱ्या ग्रेगरी बूथ यांनी. आपल्या शेजारच्या चाळीत राहणाऱ्या व्हायोलिनवाल्याची विचारपूस करायला सातासमुद्रांपलीकडचा माणूस यावा लागला, ही शरमेची गोष्ट आहे.

तेव्हा मागणे फार नाही. फिल्मफेअरने संयोजकासाठी एक बाहुली वाढवावी. संगीताचा पुरस्कार पुकारताना त्या वाद्यवृंदाची नावे पडद्यावर झळकू द्यावीत; नटीच्या साडीचे वर्णन थोडे आखडले तरी चालेल. आणि जे हयात नाहीत त्यांच्यासाठी एखाद्या वर्षी एक समारंभ असा करावा, की ज्यात सेबॅस्टियन, दत्ताराम आणि अँथनी यांच्या नावांचा पुकारा होईल, आणि बाहुली घ्यायला त्यांची नातवंडे व्यासपीठावर येतील. पहिले नाव मात्र पानसऱ्यांचे घ्यावे.