बॅटरी बदलायला मोबाईल का ठेवून यायचा?

घरात नवा मोबाईल आला की जुन्याचं काय होतं, हे मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको. तो आईकडे येतो, नाहीतर सासूबाईंकडे. मुलाने त्यावर तीन वर्षं गेम खेळलेले असतात, कोपऱ्यात काच तडकलेली असते, आणि बॅटरी... सकाळी १०० टक्के चार्ज करून ठेवा, दुपारचा कुकर उतरेपर्यंत १५ वर! मग चार्जरची वायर पोचते तिथेच, भिंतीला चिकटून बोलायचं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली सतरंजीवरच्या जागेआधी प्लगजवळची जागा धरली जाते.

खरं तर फोन धडधाकट असतो. दमलेली असते ती फक्त बॅटरी. ही लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तिच्या शोधाबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळालं. गुणी वस्तू आहे, पण आयुष्य मोजकं. पुष्कळशा फोनमध्ये सुमारे ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद पाचवा हिस्सा तरी घटते. तापलेल्या पत्र्याखाली, गॅसच्या ओट्याशेजारी त्याहून लवकर. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीला जाहीर माफी मागावी लागली होती, कारण बॅटरी जुनी झालेले आयफोन ती सॉफ्टवेअरमधून गुपचूप हळू चालवत होती. नवी बॅटरी घातली की तोच फोन पुन्हा पहिल्यासारखा. त्याआधी किती जणांनी ‘फोन म्हातारा झाला’ म्हणून नवा घेतला असेल, कोण जाणे.

म्हणजे दोन-तीन वर्षांत बॅटरी थकणार, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरीही ती आत गोंदाने चिकटवून, झाकण बंद करून विकायची. वात बदलता येणार नाही असं निरांजन कुणी विकायला आणलं, तर आपण घेऊ का?

आणि हे पूर्वापार असंच होतं, असंही नाही. २००३ साली आलेला नोकियाचा ११०० आठवतो ना, टॉर्चवाला? नखाने मागचं झाकण सरकवलं की बॅटरी हातात. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केलं, की बीएल-५सी प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना जास्त तापण्याचा धोका आहे. केवढी घबराट उडाली होती तेव्हा! पण उपाय काय होता? झाकण काढा, बॅटरीवरचा नंबर बघा, सदोष निघाली तर फुकट बदलून घ्या. फोन आपल्यापाशीच. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या (तो आपल्याकडे विक्रीला आलाच नव्हता), तेव्हा बॅटरी आत बंद असल्याने अख्खे फोनच परत मागवावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं.

पैशाची गोष्ट तर आहेच. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. बंद झाकणाचा फोन उघडायला तो तापवून गोंद सैल करावा लागतो, पातळ पट्टीने झाकण सोडवावं लागतं. हे काउंटरवर उभ्याउभ्या होत नाही. ‘ताई, फोन ठेवून जा, संध्याकाळी या. लॉक काय आहे?’ या ‘लॉक काय आहे’पाशी कितीतरी बायका अडतात. त्या फोनमध्ये घरातले फोटो असतात, लेकीबाळींचे असतात, बहिणीशी केलेलं मन मोकळं असतं, बँकेचं ॲप असतं. ते सगळं अनोळखी माणसाच्या हाती सोपवून निघून यायचं? दुरुस्तीवाले वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही, आमच्या गावातली मुलं कष्टाळू आणि सरळ आहेत. पण निव्वळ बॅटरी बदलायला लॉक सांगायची वेळच का यावी? मग होतं काय, की मुलगा सुट्टीला येईल तेव्हा, नाहीतर यांना सवड मिळेल तेव्हा बघू, असं करत सहा-सहा महिने जातात. तोवर ऐन ओटीपीच्या वेळी फोन बंद, एसटीत रात्र झाली की फोन बंद. माहेरी आजारपण असेल आणि फोन लागत नसेल, तर जिवाचं काय होतं ते आपणच जाणतो.

ज्यांचं कामच मोबाईलवर चालतं त्यांचे हाल तर विचारू नका. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं होतं. फोन तापतात, अडकतात आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याच पदरी पडतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

कंपन्या म्हणतात, झाकण निघालं की पाणी शिरेल. पण सॅमसंगचाच २०१४ चा गॅलॅक्सी एस ५ पाणी झेलायचा आणि त्याची बॅटरीही हाताने निघायची. तेव्हा अशक्य काही नाही, इच्छा नाही एवढंच.

युरोपीय संघाने ती इच्छा कायद्याने निर्माण केली. २० जून २०२५ पासून तिथे नव्याने विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी साध्या अवजारांनी बदलता यायला हवी. नाहीतर ती १००० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के ताकद राखणारी हवी आणि फोन पाण्यात टिकणारा हवा. ही दुसरी वाट मला पळवाटच वाटते, महागडे फोन तिथूनच निसटणार. मोबाईलखेरीज बॅटरीवर चालणाऱ्या इतर लहान वस्तूंसाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली गेली.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण तिच्यावर छापावेत, असं सुचवणारा समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये सादर झाला. चांगलं आहे, पण गुण देणं म्हणजे सक्ती नव्हे. दहापैकी तीन गुणांचा फोनही स्वस्त असेल तर आपण घेणारच, कारण तोच परवडतो.

तोवर एवढं करा. बॅटरी बदलून घेताना तिच्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा, ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो तपासता येतो. बदलणारा कंपनीचा असो वा कोपऱ्यावरचा, आपल्या समोर बसून बदल म्हणावं, अर्धा तास थांबायला लागलं तरी चालेल. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या बादलीत तर नकोच. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. फसवणूक झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आमच्या गटाने ग्राहक व्यवहार विभागाला पत्र पाठवायचं ठरवलंय. मागण्या दोनच. दहा-बारा हजारांच्या आतल्या प्रत्येक फोनची बॅटरी मालकिणीला घरी बदलता यावी, आणि त्या मॉडेलची अस्सल बॅटरी निदान पाच वर्षं तालुक्याच्या गावी विकत मिळावी. शंभर सह्या गोळा करायच्या आहेत, त्यातल्या सदतीस परवाच्या बैठकीत झाल्या.