पाच टक्के आणि कारखान्याचे फाटक

मुळशी तालुक्यात रोजगाराची वानवा आहे, असे कोणी म्हणणार नाही. हिंजवडी-माण परिसरातील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात उभे राहिले आणि पिरंगुट-उरवडे पट्ट्यात कारखाने वाढत गेले. मात्र या नोकऱ्यांपर्यंत तालुक्यातील अपंग उमेदवार पोहोचावा, ही जबाबदारी कोणाची, या प्रश्नाशी धोरण अडखळते.

१९९५ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण चार टक्के झाले. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पण राखीव जागांची सक्ती आहे ती शासकीय आस्थापनांवर. पौडच्या तहसील कचेरीत आणि पंचायत समितीत अशा जागा निघून निघून किती निघणार?

खासगी क्षेत्रासाठी २०१६ च्या कायद्यात कलम ३५ आहे. कर्मचाऱ्यांपैकी किमान पाच टक्के अपंग असावेत, यासाठी शासनाने मालकांना सवलती द्याव्यात, तेही ‘आर्थिक कुवत व विकासाच्या मर्यादेत’, असे ते सांगते. म्हणजे मालकावर बंधन नाहीच. सवलतींचा प्रयोग त्यापूर्वीही झाला होता. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वर्षाला एक लाख नोकऱ्यांचे उद्दिष्ट ठेवून अकराव्या योजनेसाठी १,८०० कोटी रुपयांची घोषणा झाली. महिना २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या अपंग कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधी व राज्य विम्यातील मालकाचा हिस्सा तीन वर्षे सरकार भरणार होते. प्रतिसाद अगदीच तुटपुंजा मिळाला. त्यात नवल नाही. वेतनावरचा थोडा भार हलका झाला, तरी उतरण, योग्य स्वच्छतागृह, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली यांचा खर्च त्यातून भागत नाही. घरापासून फाटकापर्यंतच्या प्रवासाचा तर या योजनेत विचारच नव्हता. ताम्हिणीकडच्या गावातून हिंजवडी गाठणे धडधाकट माणसालाही सोपे नाही.

त्या मानाने कलम २१ अधिक कामाचे आहे; त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. त्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने अपंगांसाठी योग्य पदांची यादी त्यात द्यायची आणि संपर्क अधिकारीही नेमायचा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. हिंजवडी आणि पिरंगुटमधील कंपन्यांची नावे एका बाजूला व नोंदलेली धोरणे दुसऱ्या बाजूला ठेवून पडताळणी करायला नवा कायदा लागत नाही, नवा निधीही नाही. ही यादी जाहीर झाली, तर कोणत्या पदासाठी अर्ज करावा, हे उमेदवाराला निदान कळेल.

कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड होतो तो जास्तीत जास्त १० हजार रुपये. पुढच्या उल्लंघनाला ५० हजार ते पाच लाख. ही मोठी रक्कम लागू व्हायची, तर पहिले उल्लंघन आधी कोणीतरी नोंदवावे लागेल.