विश्लेषण : ‘तुमच्या घराविषयी सांगा’… आयईएलटीएसमधील सोप्या प्रश्नांवरच उमेदवार का अडखळतात?

तुम्ही कुठे राहता, सकाळी किती वाजता उठता, पाऊस आवडतो का, छत्री वापरता का? मराठीत विचारले तर कुणीही चहा पिता पिता याची उत्तरे देईल. मात्र परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी आयईएलटीएस देणारे अनेक जण नेमके याच प्रश्नांवर गडबडतात. काही एका शब्दात उत्तर देऊन गप्प होतात, तर काही पाठ केलेला उतारा म्हणून दाखवतात. सुमारे १८ हजार रुपये शुल्क असलेल्या परीक्षेची संभाषणाची सुरुवातच अशी डळमळते. या प्रश्नांतून नेमके काय तपासले जाते आणि त्यांची तयारी कशी करता येते?

संभाषण चाचणीचे स्वरूप काय?

ही चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. समोर माणूस बसलेला असतो किंवा तो व्हिडीओ कॉलवर असतो, आणि सगळे संभाषण ध्वनिमुद्रित होते. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे रोजच्या आयुष्यातील प्रश्न येतात. घर, गाव, शिक्षण किंवा नोकरी यापैकी एखाद्या विषयापासून सुरुवात होते आणि पुढे अचानक पक्षी, आरसा, चॉकलेट, किल्ल्या असे काहीही निघू शकते. दुसऱ्या भागात एका कार्डावरील विषयावर एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे बोलायचे असते, तर तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून चर्चा होते.

पहिल्या भागाला वेगळे गुण नसतात, हे अनेकांना ठाऊक नसते. संपूर्ण चाचणीचा मिळून एकच बँड दिला जातो. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांचे वजन सारखे असते. उमेदवाराचे मत बरोबर की चूक, त्याचे आयुष्य रंजक की कंटाळवाणे, यासाठी निकषच नाही. ‘मला काहीच छंद नाही’ हे सांगूनही चांगले गुण मिळू शकतात, फक्त ते नीट सांगता आले पाहिजे.

मग इतकी धास्ती का?

कारण अर्ध्या बँडवर बरेच काही अडते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर संभाषणात किमान ७ लागतात, लेखनात मात्र ६.५ चालतात. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसासाठीची किमान अट मार्च २०२४ मध्ये ५.५ वरून ६ केली. ब्रिटनने कुशल कामगार व्हिसासाठीची इंग्रजीची पातळी जानेवारी २०२६ पासून वाढवली. सांगलीच्या किंवा लातूरच्या नर्सिंग महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलीचे वाचन-श्रवण उत्तम असते, पण संभाषणात साडेसहा मिळाले की पुढचे सगळे काही महिने लांबते. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांच्या आत एकाच कौशल्याची फेरपरीक्षा देता येते, मात्र त्याचेही शुल्क भरावे लागते आणि सर्वच संस्था तो निकाल मान्य करतात असे नाही.

पाठांतर का अंगाशी येते?

पहिल्या भागातील विषय ठरावीक वर्तुळात फिरतात. त्यामुळे ‘या चार महिन्यांतील प्रश्न’ अशा पीडीएफ टेलिग्रामवर फिरतात आणि क्लासमध्ये नमुना उत्तरे घोकून घेतली जातात. विषयांचा अंदाज घेण्यात गैर काही नाही. पण तयार उत्तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येते. डोळे वर जातात, वेग अचानक वाढतो, एरवी साधी वाक्ये बोलणाऱ्याच्या तोंडी जडजंबाल शब्द येतात, आणि मधेच ‘का?’ असा एक उपप्रश्न आला की सगळे कोसळते. गुणांकनाच्या जाहीर निकषांत ‘पाठ केलेली वाक्ये’ हा उल्लेख थेट दुसऱ्या-तिसऱ्या बँडच्या वर्णनात आहे. सात हजारांच्या क्लासमध्ये हे सहसा सांगितले जात नाही.

कागदावरचा बँड आणि प्रत्यक्ष बोलणे यांतली दरी किती रुंद असू शकते, हे २०२२ मध्ये दिसले. अमेरिका-कॅनडा सीमेवर पकडल्या गेलेल्या गुजरातमधील काही तरुणांना न्यायालयात इंग्रजीत साधी उत्तरे देता येईनात. त्यांच्याकडे मात्र साडेसहा ते सात बँडची प्रमाणपत्रे होती. मेहसाणा पोलिसांनी त्यावरून परीक्षेतील गैरप्रकाराचा तपास सुरू केला. ते प्रकरण फसवणुकीचे होते, घोकंपट्टीचे नव्हे. तरीही परदेशात उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी, घरमालक आणि वॉर्डातला रुग्ण हेच पहिल्या भागातले प्रश्न विचारतात, आणि तिथे पीडीएफ नसते.

मराठी भाषकांचे नेमके कुठे चुकते?

बऱ्याच चुका इंग्रजी कच्चे असल्यामुळे होत नाहीत, तर मराठी वाक्य आतून ढकलत असल्यामुळे होतात. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय’ याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ होते. तिथे ‘आय हॅव लिव्हड’ आणि ‘फॉर’ हवे. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांना जोड नसल्याने ती अक्षरे गळतात किंवा नको तिथे येतात. आईने सांगितले म्हणताना ‘टोल्ड टू मी’ येते. एखादी अशी चूक झाली म्हणून बँड जात नाही. तीच चूक दर तिसऱ्या वाक्यात आली तर जातो.

त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द. ते इंग्रजीच आहेत म्हणून उमेदवार बिनधास्त वापरतो आणि ऐकणाऱ्याला वेगळेच कळते. ‘रविवारी आम्ही हॉटेलमध्ये जातो’ म्हणजे मुक्कामाला जातो असा अर्थ होतो, जेवायला जाण्यासाठी ‘रेस्टॉरंट’ हवे. घराची ‘गॅलरी’ म्हणजे तिकडे चित्रांचे दालन, आपली गॅलरी ही ‘बाल्कनी’. ‘पार्सल’ हे टपालाने येते, जेवण ‘टेकअवे’ असते. ‘पासआऊट झालो’ म्हणजे बेशुद्ध पडलो! एसटी स्टँडला ‘बस स्टेशन’ म्हणावे लागते. उलट भाकरी, वारी, वडापाव हे शब्द टाळायची गरज नाही. शब्द तसाच वापरून पुढे अर्ध्या वाक्यात तो समजावून सांगितला, तर न येणारी गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याचे कौशल्यच त्यातून दिसते.

उच्चारांबाबत भीती अवाजवी आहे. मराठी वळणाला गुण कापले जात नाहीत. ओढूनताणून आणलेला अमेरिकी ढंग मात्र ऐकणाऱ्याला त्रास देतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला फरक आणि शब्दातील योग्य अक्षरावरचा जोर, एवढ्याकडे लक्ष दिले तरी समजायला सोपे जाते.

उत्तर किती लांब असावे?

चार-पाच मिनिटांत साधारण दहा-बारा प्रश्न होतात. म्हणजे प्रश्न धरून एकाच्या वाट्याला २०-२५ सेकंद येतात. ‘हो’ म्हणून थांबणे कमी पडते आणि दीड मिनिटाचे व्याख्यान जागेवर तोडले जाते. परीक्षकाने मधेच थांबवले तर अनेकांचा धीर खचतो, पण तो फक्त घड्याळ पाळत असतो. दोन ते चार वाक्ये पुरतात: थेट उत्तर, त्याचे कारण, आणि जमल्यास एखादा खरा तपशील.

‘छत्री वापरता का?’ या प्रश्नाचे उदाहरण घेता येईल. छत्रीचे फायदे सांगणारे उत्तर निबंधासारखे वाटते. ‘फारशी नाही, कारण मी दुचाकीवरून जातो, म्हणून रेनकोट बरा पडतो. शाळेत असताना वापरायचो, पण दर जूनला एक हरवायचो’ या उत्तरात वर्तमानकाळ, कारण आणि पूर्वीची सवय सांगणारे ‘यूज्ड टू’ हे सगळे आपोआप येते. व्याकरणाचा निकष हीच विविधता शोधत असतो.

तयारी कशी करावी?

नमुना उत्तरांच्या वहीऐवजी स्वतःच्या दिवसाची वही अधिक उपयोगी पडते. घरातील खोल्या, कामाला जायचा रस्ता, शेजारी, जेवण, सुट्टी, फोनचा वापर अशा प्रत्येकावर पूर्ण वाक्ये न लिहिता पाच-सहा शब्द टिपायचे. मग मोबाइलवर प्रश्न लावून लगेच उत्तर ध्वनिमुद्रित करायचे आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचे. स्वतःचा आवाज ऐकणे नकोसे वाटते, पण ‘अ‍ॅक्च्युअली’ एका मिनिटात सहा वेळा आले हे दुसऱ्या कुणी सांगून पटत नाही. त्याच प्रश्नाचे उत्तर आठवडाभराने वेगळ्या शब्दांत देता आले, तर ती तयारी. तेच शब्द आले, तर ते पाठांतर.

घरात इंग्रजी बोलणारे कुणी नसेल तर दोन उमेदवारांनी रोज दहा मिनिटे फोनवर बोलावे. मात्र प्रश्न विचारणाऱ्याने प्रत्येक उत्तरानंतर एक अनपेक्षित ‘का?’ किंवा ‘आधी कसे होते?’ टाकायला हवा. मोफत संभाषण करणारी एआय अ‍ॅप्सही चालतात, पण ती फार कौतुक करतात.

प्रश्न कळला नाही तर काय?

तो पुन्हा विचारायला सांगता येतो आणि त्याबद्दल गुण जात नाहीत. न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने भलतेच उत्तर देणे यापेक्षा महाग पडते. विषयच परका असेल, म्हणजे बर्फात खेळणे किंवा वस्तुसंग्रहालये, तर ‘मी कधी गेलो नाही, कारण आमच्या तालुक्यात एकही नाही, पण संधी मिळाली तर मुंबईचे पाहायला आवडेल’ हे पूर्ण उत्तर असते.