पहिल्या चाचणीचा पैसा

मीटर-ब्रिजचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल, काहींच्या वाट्याला तो पुढे येईल. मांडणी पुरी झाली की आम्ही शिक्षक एक गोष्ट आवर्जून करायला सांगतो. जॉकी आधी तारेच्या डाव्या टोकाला टेकवा, मग उजव्या टोकाला. गॅल्व्हानोमीटरचा काटा दोन वेळा विरुद्ध बाजूंना हलला पाहिजे. तसा हलला तर जोडण्या बरोबर आहेत आणि संतुलन बिंदू तारेवर मध्ये कोठेतरी सापडणार. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला, तर तासभर जॉकी फिरवूनही हाती काही लागायचे नाही. या दोन स्पर्शांची नोंद वहीत होत नाही आणि त्यांना गुणही नाहीत. पण जो विद्यार्थी ते टाळतो, त्याचा तास बहुधा फुकट जातो.

संशोधनाच्या व्यवहारात या दोन स्पर्शांसाठी जो पैसा दिला जातो, त्याला प्रारंभिक अनुदान किंवा पायलट ग्रँट म्हणतात. रक्कम लहान, मुदत एक-दोन वर्षांची. त्यातून शोध लागावा अशी अपेक्षा नसते. मोठा प्रयोग करण्याजोगा आहे की नाही एवढे कळले म्हणजे झाले. माझे म्हणणे असे, की या पैशातला काही भाग नवख्या संशोधकांसाठी आणि पिढ्यान्‌पिढ्या गरीब राहिलेल्या भागांतील आरोग्याच्या अभ्यासासाठी मुद्दाम राखून ठेवावा. आणि तो देताना त्यांच्याकडे मोठे निष्कर्ष मागू नयेत.

पिढ्यान्‌पिढ्या गरीब म्हणजे काय, हे मोजायचे कसे? अमेरिकेत याची एक व्याख्या रूढ आहे. तेथे राज्याचे जे जिल्ह्यासारखे विभाग असतात त्यांना काऊंटी म्हणतात. एखाद्या काऊंटीतील २० टक्के किंवा त्याहून अधिक लोक सलग ३० वर्षे दारिद्र्यरेषेखाली राहिले, तर ती चिरदरिद्री समजली जाते. देशातल्या सुमारे ३,१०० काऊंट्यांपैकी ३०० हून अधिक अशा आहेत. मिसिसिपी नदीचा खोरेभाग, ॲपलेशियन डोंगर, मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनी, मेक्सिकोला लागून असलेली टेक्सासची सरहद्द ही त्यांची ठिकाणे. जगातील श्रीमंत देशाचा नकाशाही एका रंगाचा नसतो, हे भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगे आहे. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२३ साली अशा भागांसाठी पाच संशोधन केंद्रे जाहीर केली. पाच वर्षांसाठी ५ कोटी डॉलर. त्या योजनेच्या उद्देशांत, या भागांत काम करतील असे नव्या दमाचे संशोधक तयार करणे हाही एक उद्देश होता. मला त्यातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण मोठ्या अनुदानाचा नियम मोठा चमत्कारिक असतो. अर्जात विचारले जाते, या विषयावर तुम्ही आधी काय काम केले आहे? प्राथमिक आकडे कोठे आहेत? आता आकडे नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून आकडे नाहीत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बसलेल्याची यातून सुटका होते, कारण नोंदींची कपाटे त्याच्या शेजारीच असतात. दूरच्या जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर काम करू पाहणाऱ्याला कपाट स्वतःच बनवावे लागते. अमेरिकेत पीएच.डी. झालेल्या संशोधकाला राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे पहिले मोठे अनुदान मिळायचे वय १९८० साली सरासरीने ३६ च्या आसपास होते; पुढे ते ४२ च्याही वर गेले. इतकी वर्षे वाट पाहणारा माणूस अवघड विषय घेईल का सोपा, हे तुम्हीच ठरवा.

आता निष्कर्ष का मागू नयेत, ते आपण गणिताने पाहू. एका गावात वर्षाला २० बाळे जन्मतात असे धरा. हजारी ६० बाळे पहिल्या महिन्यात दगावत असतील, तर त्या गावात वर्षाला सरासरी १.२ मृत्यू होतील. पण सरासरी म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, १.२ चे वर्गमूळ १.१. म्हणजे एका वर्षी एकही मृत्यू नाही आणि पुढच्या वर्षी तीन, हे काहीही न बदलता घडू शकते. त्या गावात कोणी नवा उपाय केला आणि त्या वर्षी एकही बाळ दगावले नाही, तर उपायाचे कौतुक करावे का? मुळीच नाही. ५० गावे घ्या. जन्म १,०००, मृत्यू ६०, योगायोगाचा चढउतार सुमारे ८. आता उपायाने मृत्यू ३० वर आले, तर तो फरक या चढउतारातून स्वच्छ उठून दिसेल.

याचा अर्थ असा, की दोन-चार गावांत होणाऱ्या चाचणीला मृत्यू कमी झाले का हा प्रश्न विचारणेच चूक आहे. तिला वेगळे प्रश्न विचारावेत. किती घरांनी माहिती द्यायला होकार दिला? किती जन्म नोंदीतून निसटले? बाळंतीण माहेरी गेली तर तिची नोंद कोण ठेवणार? पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या पाड्यावर किती दिवस जाता येत नाही? प्रश्न विचारणाऱ्याची भाषा तेथील आजीला कळते का? ही उत्तरे हाती नसताना ५० गावांचा घाट घातला, तर पैसा तर जाईलच, पण लोकांचा विश्वासही जाईल. तो पुन्हा मिळवणे फार अवघड.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो. अनुदानाचे म्हणून नव्हे, हातात आलेले साधन आधी पारखून घेण्याचे म्हणून. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केले. न्यूमोनियाची एक खूण म्हणजे वेगाने चालणारा श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास असले तर धोका. पण गावातल्या ज्या सुईणींनी हे ओळखायचे, त्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हते, मग घड्याळ पाहणे दूरच. तेव्हा मण्यांची एक पाटी तयार झाली. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला उपचार हवा. लहान बाळासाठी सहावा मणी लाल, मोठ्यासाठी पाचवा. भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला हे उपकरण फार आवडते. आवश्यक तेवढीच अचूकता त्यात आहे, उगाच अधिक नाही! असे साधन कामाचे आहे की नाही, हे मुंबईच्या प्रयोगशाळेत कळणार नाही. ते त्याच सुईणीच्या हातात, त्याच झोपडीच्या उजेडात पाहावे लागते.

याच जिल्ह्यात पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा मोठा प्रयोग झाला. ३९ गावांत हा उपाय केला, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावे इतकी का, हे आता तुम्हांला वरच्या वर्गमुळावरून कळेल. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

तुमच्यातला एखादा परखड विद्यार्थी विचारील, की गरिबांचा अभ्यास कशाला? तोच पैसा अन्नाला आणि औषधाला द्या की. प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग हजारो गरिबांना मारीत होता. तो जंतूंमुळे होतो असे पुष्कळ तज्ज्ञ मानत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन गावच्या दोन अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस, कडधान्यांचा आहार सुरू करविला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. जंतूंवर खर्च करून हे झाले नसते. म्हणून आधी जाणून घ्यावे लागते. मात्र पुढे वाढीव आहार थांबला तेव्हा रोग परत आला, हेही सांगितले पाहिजे. मक्याच्या पिठावर आणि काकवीवर जगणाऱ्याला दूध परवडत नाही, हे काही जीवनसत्त्वाच्या शोधाने बदलत नाही. संशोधन अन्नाची जागा घेऊ शकत नाही; अन्न कोठे कमी पडते आहे एवढे ते दाखवते.

आपल्या देशात २०१८ साली ११२ आकांक्षित जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातले त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देण्याची चांगली प्रथा पाडली. पण दोन महिन्यांत गडचिरोलीचा पाऊससुद्धा पुरता पाहून होत नाही, मग पावसाबरोबर येणारा हिवताप कसा पाहणार? अशा जिल्ह्यांसाठी मुदत निदान दोन पावसाळ्यांची हवी. पैसा शक्यतो तेथेच राहणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या तरुणाला द्यावा, आणि घरोघरी फिरून नोंदी आणणाऱ्या गावातल्या बाईचे मानधन त्यात आधी धरावे. ते बहुधा शेवटी आठवते. जोडणी चुकली असे दिसले, काटा एकाच बाजूला गेला, तरी तो अहवाल छापला जावा, म्हणजे पुढचा माणूस तीच तार तशीच जोडणार नाही. आणि अहवालाची एक प्रत, तेथल्या लोकांना समजेल अशा भाषेत, ग्रामसभेत वाचून दाखवली जावी. ज्यांनी घरात बोलावून उत्तरे दिली, त्यांनाच त्यांचे आकडे कळू नयेत, ही रीत मला तरी पटत नाही.