आकडा कोणाच्या तराजूतला?

शेतकऱ्याला सरकार देते, की त्याच्याकडून काढून घेते? या एका प्रश्नाची दोन उत्तरे २०१८ सालात छापून आली. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना आणि दिल्लीची इक्रियर संस्था यांच्या अहवालाने सांगितले, की निर्यातीवरील आणि बाजारावरील बंधनांमुळे भारतातील शेतकऱ्याला मिळते कमी आणि त्याचे जाते जास्त. म्हणजे सबसिडी उणे. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत कागद दाखल केला. त्यात म्हटले होते, की २०१०-११ ते २०१६-१७ या काळात भारताने कापसाला दिलेला आधार उत्पादनाच्या मूल्याच्या ५३ ते ८१ टक्के आहे!

खोटे कोण बोलते? प्रश्न खोट्याचा नाही, तराजूचा आहे. पहिला हिशेब सगळ्या शेतीचा. त्यात त्या त्या वर्षीच्या जागतिक भावाशी तुलना आहे. दुसरा एकट्या कापसाचा. त्यात आजचा हमीभाव १९८६-८८ च्या भावाशी ताडला आहे. शिवाय सरकारने खरेदी केली किती हे न पाहता सगळे पीक हिशेबात धरले. ज्याने खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात कापूस घातला, त्याचे बोंडसुद्धा त्या ५३ ते ८१ टक्क्यांत आहे.

काटा पाहिल्याशिवाय आपण गाडी रिकामी करत नाही. मग आकडा मात्र काटा न पाहता का मान्य करतो? यात आमचीही चूक आहे. आमच्या निवेदनांत संताप भरपूर, आधार थोडा. साहेब विचारतात, "कशावरून?" आणि आम्ही एकमेकांची तोंडे पाहतो.

अभ्यासाचे कागद आता विद्यापीठाच्या कपाटात अडकून राहिलेले नाहीत. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातातला फोन पुरतो. गूगल स्कॉलरवर शोधनिबंध सापडतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या 'अॅगइकॉन सर्च'मध्ये शेती अर्थशास्त्राचे कागद फुकट वाचता येतात. भारतातील विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. कृषिमूल्य आयोग दरवर्षी खरीप पिकांच्या भावाचा अहवाल काढतो, तोही त्याच्या संकेतस्थळावर मिळतो. एखादा निबंध पैसे मागत असेल तर गूगल स्कॉलरवर त्याच निबंधाची दुसरी प्रत पाहावी. लेखकाला पत्र लिहिले तर पुष्कळ जण आपणहून पाठवतात.

शोधताना शब्द बदलून पाहावेत. इंग्रजीत ज्वारीला कोणी 'जोवार' लिहितो, कोणी 'सॉरघम'. एकच शब्द घातला तर निम्मे कागद निसटतात. कापसाचे तर फार जपायला हवे. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. बाहेरचे भाव बहुधा रुईचे असतात. तो भाव आपल्या कापसाच्या भावाशेजारी ठेवला तर सगळा हिशेब कोसळतो.

कागद हाती आला की चार प्रश्न विचारावेत. अभ्यासाला पैसा कोणाचा? आकडे कोणत्या वर्षाचे? पीक ओलिताचे की कोरडवाहू? आणि खर्च कोणता धरला? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. २०१८-१९ साली मध्यम धाग्याच्या कापसाला ५१५० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि खर्चाच्या दीडपट दिल्याची दवंडी पिटली. दीडपट खरी, पण कोणत्या खर्चाची? रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी, एवढ्याची. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज ज्यात येते, त्या 'सी-२' खर्चाची नव्हे. हे सांगायला कोणा पुढाऱ्याची साक्ष नको. आयोग आपल्या अहवालात दोन्ही खर्च छापतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने कापूस आणि ज्वारीची एकेक फाइल आणावी. आपल्या बाजूचे कागद आणावेतच, पण विरोधातले आधी आणावेत. समोरचा काय बोलणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याने वाटाघाटीला बसू नये. घोषणेने दार उघडते. आत बसून बोलायला आकडा लागतो, आणि तो आपल्या काट्यावर तपासलेला असावा लागतो.