घोड्यांच्या चिखल्या

लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायकांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे आपल्याला माहीत असतं. घोड्यालाही तसंच काहीसं होतं. आम्हा कोपरखैरणेकरांना माथेरान जवळचं, ठाण्याला गाडी बदलली की नेरळ. वर मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा आल्या, तरी घोडे आहेतच. आणि पावसाळ्यात तिथला तांबडा चिखलही.

इंग्रजीत या दुखण्याला मड फीवर म्हणतात. नाव फसवं आहे. ताप येतोच असं नाही, आणि चिखलापेक्षा मोठा दोष ओलीचा. खुराच्या वरची, मागच्या खळगीतली कातडी सतत भिजून मऊ पडते, भेगाळते, मग डर्माटोफिलससारखे जंतू आत शिरतात. खपल्या, पू, सूज, शेवटी लंगडणं. पांढऱ्या पायांच्या घोड्यांना त्रास जास्त.

संध्याकाळी नळीखाली पाय धरले की काळजी घेतली, ही समजूत मला मुळीच पटत नाही. धुऊन ओलेच ठेवले तर धुतले काय नि न धुतले काय! त्यापेक्षा चिखल वाळू द्यावा आणि ब्रशने झाडावा. धुतलेच तर फडक्याने टिपून कोरडे करावेत, खाली सुका पेंढा घालावा. खपल्या धरल्या असतील तर केस कापून, क्लोरहेक्सिडीनच्या पातळ द्रावणाने त्या मऊ कराव्यात. सुटतील तेवढ्याच काढाव्यात, ओढू नयेत. ओल्या जखमेवर तेल चोपडणं म्हणजे ओल आत कोंडणं. सूज किंवा लंगड दिसली की पशुवैद्यच हवा. एकाचा ब्रश दुसऱ्या घोड्याला नको, आणि हात साबणाने धुवावेत, कारण हा जंतू क्वचित माणसालाही लागतो.

घोडेवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण घोडा पंधरा दिवस बांधून ठेवायचा म्हणजे त्याची कमाई बंद, चारा मात्र चालू. म्हणून माझं म्हणणं, पक्क्या जमिनीचे, छपराचे कोरडे निवारे सार्वजनिक खर्चाने व्हावेत. घोड्यांच्या जिवावर सगळ्या गावाचं पर्यटन चालतं, मग खर्च एकट्या घोडेवाल्याने का सोसावा?

आपणही बसण्याआधी पायांकडे एक नजर टाकावी. खपल्या दिसल्या तर वाद न घालता दुसरा घोडा मागावा. नात मला हसते, "आजी, लोक घोड्याचे दात बघतात, तू पाय काय बघतेस?" बघते खरी.